तळहाताएवढी जागा

४ जानेवारी, रविवार

ह्यांचं भिंती धुवायचं मशीन विकलं नाही.

गिऱ्हाईक लोह्याहून आलं होतं. माणूस सरळ, घासाघीस न करणारा. मी दाराआडून मशीन ओढून काढलं, वरची चादर उचलली, तर गनच्या खटक्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी तशीच आवळलेली. ह्यांच्या हातची गाठ. दिवसभर खटका दाबून बोट भरून यायचं, म्हणून हे ट्यूबनं खटका बांधूनच टाकायचे. मग बोट मोकळं, पाणी आपलं चालू. या धंद्यातले सगळेच असं करतात म्हणे. मी किती वेळा ओरडले असेन, पण माझं ऐकायचं नाही हा ह्यांचा नेमच होता. दिवाळीआधी हे गेल्यावर मशीन घरी आलं, तेव्हापासून ती गाठ कुणी सोडलेली नाही.

गिऱ्हाईकानं गाठीला हात घातला आणि मी म्हटलं, राहू द्या, विकायचं नाही.

तो बिचारा गेला. वन्स तेव्हापासून चिडलेल्या. "आल्या माणसाला घोटभर चहा तरी पाजून लावून द्यायचा. भावाचं नाव खराब केलंस." ह्यांच्या थोरल्या बहिणीला एवढंच वाईट वाटलं, चहाचं. सुतक फिटून किती दिवस झाले, अजून स्वतःच्या गावी जायचं नाव काढत नाहीत. मीही काढत नाही.

७ जानेवारी, बुधवार

शाळेच्या ऑफिसात असताना दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंचा फोन. "कंपाउंड परत काळं पडलंय. दिगंबररावांनी केलं होतं तसंच करून द्या." जसं काही हे घरात बसलेत आणि मी निरोप पोचवणार आहे. हो म्हणून बसले.

हेडक्लार्कबाई म्हणाल्या, तुला येतं का पण? रविवारी ह्यांच्यामागं पाइप धरून मीच फिरायची. शाळेतल्या कुणाला सांगितलं नव्हतं एवढंच. आमच्या पालम गावात आता गल्लोगल्ली प्रेशरची मशीनं झालीत. ज्याला दुसरं काही सुचत नाही तो मशीन घेतो आणि अर्धी काळी, अर्धी पांढरी भिंत मोबाइलवर टाकतो. लोक बघत बसतात. मीसुद्धा बघते, खोटं कशाला बोलू.

११ जानेवारी, रविवार

दवाखान्याचं कंपाउंड झालं.

वन्स मदतीला आलेल्या. सुरुवात फजितीनं. खटका बांधलेला हे विसरून वन्सनी बटन चालू केलं आणि गन जमिनीवर. पाइप अंगणभर उड्या मारत फिरला. वन्स बादली टाकून थेट ओट्यावर. "बंद कर गं ते जनावर!" बघणारे खदाखदा हसले. मग गन घट्ट धरली, आणि हात आपोआप चालले. वरून खाली एक पट्टा, मग शेजारचा, थोडा पहिल्यावर चढवून. ह्यांची रीत. डावीकडून सुरुवात, उजवीकडं शेवट. गडबड नाही.

शेवटी गेटच्या कोपऱ्यापाशी आले आणि तिथं खाली, जमिनीला लागून, तो काळा चट्टा. तळहाताएवढा. ह्यांनी गेल्या वर्षी सोडलेला.

प्रत्येक कामात सोडायचे. भिंत असो, टाकी असो, नाहीतर देवळाची पायरी. काम पुरं झालं की खालच्या कोपऱ्यात तळहाताएवढी जागा न धुता ठेवायची. बाळाला न्हाऊ घालून गालावर तीट लावतात ना, तशी. "एवढं गोरं केलं, दृष्ट नको लागायला." गिऱ्हाईक आधी भांडायचं, मग हसायचं. आणि तीट ठेवल्याशिवाय हे कधी मशीन बंद करत नव्हते. तीट झाली म्हणजे काम झालं, पाइप गुंडाळा.

कंपाउंडर म्हणाला, "ताई, हितं ऱ्हायलं बघा."

म्हटलं, राहिलं नाही, ठेवलंय.

रडले. पाणी उडत असलं की कुणाला कळत नाही, या धंद्यात तेवढा एक फायदा.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

शाळेत तिळगूळ. वाणाला कुणाचं बोलावणं नाही. मला जायचंही नव्हतं, तरी फोन वाजला की उगीच वाटायचं.

संध्याकाळी वाजला तो बाबाराव काकांचा. पोखर्णीजवळच्या ज्या घराची भिंत धुता धुता हे गेले, ते घर यांचं. निवृत्त ग्रामसेवक, मऊ बोलणारा माणूस. त्या दिवशी ह्यांना जीपमध्ये घालून परभणीला नेलं ते यांनीच, दहाव्यालाही आले होते. आज बोलायला पार अवघडलेले.

"ताई, पोराचं लगीन धरलंय. पेंटर म्हणायलाय, भिंत सगळी धुतल्याबिगर रंगाला हात लावणार न्हाई."

म्हटलं, मग धुऊन घ्या की कुणाकडून.

"घ्यायलोच व्हतो. पण भिंतीवर जरा… खुणा हायेत. आमी हात लावला न्हाई आजून. तुमी एकदा येऊन बघून जा, मग काय ते करू."

कसल्या खुणा म्हणून विचारलं. "येऊन बघा," म्हणाले. फोन ठेवल्यावर तोंडातली तिळाची वडी चावायची राहून गेली.

१६ जानेवारी, शुक्रवार

शाळेत लक्ष नाही. एका पोराच्या दाखल्यावर आईच्या जागी बापाचं नाव टाकलं.

सगळ्यांनी मला एकच सांगितलंय. जागीच गेले. परभणीचे डॉक्टर म्हणाले, हार्टॲटॅक, जागीच. बाबाराव काका म्हणाले, "काय कळायच्या आत. तकलीफ न्हाई झाली बघा." वन्स आल्यागेल्याला तेच सांगतात. पोरगी लातूरला हॉस्टेलवर रडून रडून आजारी पडली, तेव्हा तिलाही मी तेच सांगितलं. जागीच गेले गं बाबा, दुखलंसुद्धा नसेल.

इतके दिवस मी या एका शब्दावर काढलेत. आता भिंतीवर खुणा हायेत म्हणतात. जागीच गेलेल्या माणसाची भिंतीवर कसली खूण राहणार?

जाणार नाही.

१८ जानेवारी, रविवार

गेलो. वन्सनी पिशवी भरूनच ठेवली होती. एसटीत थंडी मरणाची, खिडकीची काच खाली होईना, वर होईना.

भिंत. लिहूनच ठेवते, नाहीतर डोक्यात बदलत जाईल.

घराची मागची बाजू, उंच भिंत, पावसाळ्यांनी काळी झालेली. डावीकडची अर्धी स्वच्छ. वरून खाली एकसारखे पट्टे, माझ्या ओळखीचे. शेवटचा पट्टा वरून नीट उतरतो, साधारण खांद्याच्या उंचीपर्यंत. तिथं तो वाकडा होतो आणि तिरपा घसरत खाली येतो. बसलेल्या माणसाच्या छातीपर्यंत.

एवढंच असतं तर ठीक होतं. पडताना गन हातात राहिली, पट्टा घसरला, संपलं. जागीच.

पण पट्टा तिथं संपत नाही. तिथं, त्या उंचीवर, पाणी फिरवलेलं आहे. गोल, सावकाश, पुन्हा पुन्हा. तेवढ्या ठिकाणी प्लास्टर उघडं पडलंय, इतकं. आणि त्या गोलाच्या मधोमध न धुतलेली काळी जागा. तळहाताएवढी.

वन्स पुढं झाल्या. "तीट ठेवली की गं त्यानं."

भिंतीच्या मध्यात. काम अर्ध्यावर असताना. ह्यांनी असं कधी केलेलं नाही.

मी जवळ गेले, खाली बसले आणि त्या जागेवर हात ठेवून बघितला. उजवा तिरका पडला. डावा बसला. माझा पंजा आत मावून चारी बाजूंनी थोडं काळं उरलं. ह्यांचा हात माझ्यापेक्षा मोठा.

हात पटकन काढून घेतला. भिंत गार होती.

बाबाराव काका लांब उभे, टोपी हातात. आत काकूंनी भाकरी वाढली, मी मोडत बसले. मग त्या आपणहूनच म्हणाल्या, चुलीकडं बघत.

"तुमास्नी सांगावं का नगं, लय दिवस झाले इचार करायले. त्या दिवशी मी चहा टाकला व्हता त्यांच्यासाठी. म्हटलं मशीन थांबलं की नेऊन देते, मधी कशाला खोळंबा. मशीन काय थांबंना. चहा निवला, परत गरम केला. परत निवला. आवाज चालूच. मला वाटलं, काय कामाचा माणूस हाय, दम बी खाईना. शेवटी तसाच घेऊन गेले तर…"

पुढचं मला तरी कुठं ऐकता येत होतं.

२० जानेवारी, मंगळवार

रजा टाकली. डोकं दुखतंय म्हणून कळवलं. खोटं नाही.

जागीच गेले, हे गेलं.

खटका सोडला की मशीन गप्प होतं. कुठलंही मशीन. माणसाच्या हातातलं बळ गेलं, बोट सैल पडलं, की आवाज बंद. आवाज बंद झाला असता तर काकू चहा घेऊन बाहेर आल्या असत्या. पहिल्यांदा गरम असतानाच. घरात जीप होती. पण खटक्याला ट्यूब बांधलेली. हे भिंतीशी बसलेले, आणि मशीन सगळ्यांना सांगत राहिलं की काम चालू आहे.

एवढीशी ट्यूब. बोट दुखतं म्हणून. इतका राग आला की ह्यांचा फोटो भिंतीकडं तोंड करून ठेवला. दुपारी वन्सनी परत सरळ केला.

वन्सचं एकच. तीट आहे. "त्याला कळलं आता काय उठणं व्हत न्हाई. म्हणून काम बंद केलं, तीट ठिवून. शांतपणानं गेलाय माझा भाऊ." तसं असेल तर असेल. ह्यांचा स्वभावच तसा होता, निघताना गॅसचा कॉक बघून निघणारा माणूस.

पण तळहात भिंतीला टेकवून कुणी तोल सावरत बसलं असेल, आणि दुसऱ्या हातातली गन बंद होत नसेल, पाणी त्या हाताभोवतीच फिरत असेल, तर? तरी खूण अशीच उमटेल. तळहाताएवढी. डाव्या हाताची.

तीट असेल तर ह्यांना माहीत होतं आणि हे शांत होते. हात असेल तर हे वाट बघत होते. कुणीतरी येईल म्हणून.

मला यातलं कुठलं ते कळलं पाहिजे. कळू नये असंही वाटतं. पोरीचा फोन आला, बाबारावांकडं कशाला गेला होतात म्हणून. म्हटलं, लग्नाचं आमंत्रण.

२२ जानेवारी, गुरुवार

बाबाराव काकांचा फोन. पेंटर सोमवारी येतोय. "परभणीच्या एकाला बोलावतो ताई, तुमाला तरास नको. तुमी आपलं हो म्हणा."

परभणीचा कुणी येणार, गाणी लावून सपासप सगळं धुऊन टाकणार, वर मोबाइलवर टाकणार.

म्हटलं, मीच येते.

वन्स पलीकडून, "मी बी."

२५ जानेवारी, रविवार

झालं. हात उचलत नाही म्हणून अक्षर असं.

निघायच्या आधी घरीच ट्यूबची गाठ सोडली. सुटेना, विळीनं कापली. पट्टी फेकवेना. ओच्यात बांधून घेतली.

दिवसभर बोटानं खटका दाबला. बोट टरारून सुजलंय, हे काय सोसत होते ते कळलं. पण सांगायचं ते वेगळंच. बोट दुखलं की मी खटका सोडायची, मशीन गप्प व्हायचं. आणि दर वेळी मागचं दार उघडून काकू बाहेर. पदराला हात पुसत, माझ्याकडं बघत. पाइप सरकवायला थांबले, काकू दारात. पाणी प्यायला थांबले, काकू दारात. सुरुवातीला म्हणायची, काही नाही काकू, जरा दम खाते. नंतर नुसती मान हलवायची, आणि त्या आत जायच्या. एकदा दोन्ही हातात कपबशा होत्या, चहा सांडत आलेला. पहिल्या वाफेचा.

उजवीकडून सुरू केलं. ह्यांच्या उलट. त्या जागेपाशी शेवटी पोचायचं म्हणून. काळं जसं कमी होत गेलं तसं ते एकटंच उठून दिसायला लागलं. सगळी भिंत पांढरी आणि मधे तेवढंच. लांबून बघितलं तर कुणीतरी भिंतीआडून हात टेकलाय.

शेवटचा पट्टा त्या जागेच्या कडेपर्यंत आणला आणि खटका सोडला. गप्प.

काकू आल्या. या वेळी परत गेल्या नाहीत. पायऱ्या उतरून भिंतीपाशी आल्या, त्या जागेकडं बघत राहिल्या.

"ताई, ही तीटच हाय ना? दिगंबरराव ठिवायचे म्हणं सगळीकडं."

काय तोंड झालं होतं त्यांचं. चहा दोनदा गरम केलेलं तोंड.

म्हटलं, तीटच आहे काकू.

"मंजी ते…"

म्हटलं, काम संपवून गेले ते. त्यांची रीतच होती.

काकूंनी डोळ्याला पदर लावला आणि त्यांचा सगळा जीव एकदम भांड्यात पडल्यासारखा झाला. वन्सनी त्यांना धरून आत नेलं. बाबाराव काका म्हणाले, ते बी काढून टाका ताई, रंग नीट बसंल. तर आतून काकूंचा आवाज, "न्हाई. लग्नाच्या घराला तीट पायजेच. पेंटरला सांगा, तेवढं सोडून रंग द्या."

तेवढं सोडून रंग देणार आहेत.

एसटीत वन्स माझा सुजलेला हात मांडीवर घेऊन बसल्या. म्हणाल्या, "बरं सांगितलंस तिला." मला कोण सांगणार?

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदनाला गेले. टाचणी डाव्या हातानं लावली. हेडक्लार्कबाई म्हणाल्या, बोटाला काय झालं? म्हटलं, भिंत धुतली. आता लपवायचं काय.

शाळेची भिंत दिवसभर डोळ्यापुढं. किती काळी आहे. बघायची सवय लागलीय, जाईन तिथं भिंती दिसतात. आणि मिक्सर लागला, पाण्याची मोटर लागली, की कान तिकडं. आवाज थांबला की बरं वाटतं. नाही थांबला की उठून बघून येते.

३० जानेवारी, शुक्रवार

बाबाराव काकांनी मोबाइलवर फोटो पाठवला. भिंत पिस्ता रंगाची झालीय. मधे ती जागा. कडेनं पेंटरनं बारीक ब्रश फिरवलाय, बोटांच्या खाचा असाव्यात तशा जरा वळणांनी. की मुळातच तशी होती? मी प्रत्यक्ष बघितलं तेव्हा बोटं दिसली नव्हती. मोठं करून बघितलं, फोटो फाटला.

वन्सना दाखवला. "छान दिसायलंय," म्हणाल्या.

फोटो पुसला. मग त्यांना परत पाठवायला सांगितला.

१ फेब्रुवारी, रविवार

आमची मागची भिंत. न्हाणीघराच्या पलीकडची, कुणाच्या नजरेला न पडणारी. ह्यांनी जगाच्या भिंती धुतल्या, ही कधी धुतली नाही. मी म्हणायची, तर म्हणायचे, घरचं काम फुकट, फुकटाला मुहूर्त लागतो.

सकाळी वन्स देवळात गेल्या तेव्हा मशीन मागं ओढत नेलं. भिंतीवर आधी एक तीट ठेवली, ह्यांच्यासारखी. गन दोन्ही हातात, भोवतीनं पाणी फिरवत, मधे तेवढं सोडून. मग थोडं सरकून खाली बसले. पाठ वाकवून, डावा हात भिंतीला टेकवला, सगळा भार त्याच्यावर दिला. उजव्या हातात गन, लांब धरून. ओच्यातली ट्यूब बसायच्या आधीच खटक्याला बांधून घेतली होती. आणि पाणी त्या हाताभोवती येऊ दिलं.

लागतं. थंडीचं पाणी, त्या जोरात, कडेकडेनं हातावर येतं तेव्हा भाजल्यासारखं होतं. पहिल्याच फेऱ्याला हात काढून घेतला. मग परत टेकवला आणि धरून ठेवला. डोळे मिटले. मशीनचा आवाज एवढा, की हाक मारली असती तरी माझी मलाच ऐकू आली नसती. मारून बघितली. आली नाही.

एकदम मशीन गप्प झालं. वन्सनी बटन बंद केलं होतं. देवळातून आलेल्या, ताटातलं फूल खाली पडलेलं. "आवाज येतोय, येतोय, थांबना म्हणून पळत आले. काय करायलीस गं रेखा?"

मी हात काढला. म्हटलं, बघा. यातली तीट कोणती आणि हात कोणता?

वन्स जवळ गेल्या. वाकून बघितलं, चष्मा पुसून बघितलं. मीही बघितलं. दोन चट्टे, शेजारी शेजारी. थोडा लहानमोठेपणा, बाकी काही नाही. केलं मी, तरी लांबून बघताना मलाही क्षणभर ओळखू येईना.

मग वन्सनी माझा डावा हात उलटा करून बघितला. पंजाच्या कडेनं सगळीकडं लाल ओळ उठली होती, कातडं सोलवटल्यासारखी. बराच वेळ हात सोडला नाही त्यांनी.

"त्याला आंघोळ आमच्या ह्यांनी घातली," म्हणाल्या. "हात बघितलाच असंल. विचारू का?"

दाजी गावी आहेत. फोन लागतो. उचलतात. विसरणारा माणूस नाही, आणि खोटं बोलणारा तर नाहीच.

म्हटलं, आधी चहा ठेवते.

चहा झाला. प्यायचा राहिला, निवला. परत गरम करायला ठेवलाय आणि ओट्याशी उभी राहून हे लिहितेय. वन्स बाहेर पायरीवर बसल्यात, फोन हातात. अजून लावलेला नाही. मधूनमधून वळून माझ्याकडं बघतात.